पायांचा रक्तपुरवठा कमी झालेल्या आईची, सर्जनची तारीख येईपर्यंत घरी काळजी कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंचं वय ७१, मधुमेह बराच जुना. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) पायांच्या धमन्यांत अडथळे दिसले आणि व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर शेक, मालिश, दाबाचे पायमोजे, पायाखाली उशी यातलं काय करावं?

यातलं काहीच करू नका.

मी डॉक्टर नाही. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हाच आजार होता. साखर कारखान्यातली नोकरी, आयुष्यभराची विडी आणि उतारवयात आलेला मधुमेह. कराडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तिथली तारीख मिळेपर्यंत आम्हीही तुमच्यासारखेच हवालदिल होतो. पुढे त्यांची बायपास झाली, पायाची. त्या काळात डॉक्टरांकडून जे शिकलो आणि वॉर्डातल्या इतर रुग्णांकडे पाहून जे कळलं ते लिहिते. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अडथळा घरी उघडत नाही. कालव्यात वरच गाळ साचला असेल तर शेवटच्या शेतात कितीही कुदळ मारली तरी पाणी वाढत नाही. तो गाळ काढायचं काम सर्जनचं. तोपर्यंत घरच्यांचं काम एकच, त्या पायाला जखम होऊ द्यायची नाही. कातडी शाबूत असेल तर कमी रक्तावरही पाय तग धरतो. पण जखम भरून यायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं आणि तेच तिथे नसतं. म्हणून साधा फोडसुद्धा महिनोन्‌महिने चिघळतो. पाय गमावण्याची वेळ बहुतेकांवर येते ती अशाच कुठल्यातरी क्षुल्लक जखमेतून.

आता शेजारपाजारच्या सल्ल्यांबद्दल. हे सल्ले देणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांचा आजार वेगळा असतो. धमनी हृदयाकडून पायाकडे रक्त नेते, शीर ते परत नेते. शिरांचा त्रास असला, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स वगैरे, तर संध्याकाळी पाय सुजतात, जड होतात, घोट्याजवळची कातडी काळपट पडते. तिथे पाय उशीवर उंच ठेवले की आराम पडतो आणि दाबाचे मोजेही उपयोगी येतात. धमनीच्या आजारात सगळं उलटं. पाय उंच केला की आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी पोचतं. घट्ट मोज्याने तर उरलासुरला पुरवठाही दाबला जातो. आईंना रात्री पाय पलंगावरून खाली सोडल्यावर बरं वाटतं का, ते विचारा. तसं असेल तर सर्जनना हे आवर्जून सांगा, कारण ते आजार पुढे गेल्याचं लक्षण असू शकतं. रिपोर्टवर ‘आर्टेरियल’ (धमन्यांचं) डॉप्लर लिहिलंय की ‘व्हीनस’ (शिरांचं), तेही एकदा पाहून घ्या. ‘पायांचं डॉप्लर’ एवढ्यावर लोक एकमेकांचे उपाय उचलतात.

रिपोर्टमध्ये ‘एबीआय’ असा आकडा असेल. घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, एवढाच त्याचा अर्थ. तो ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. पण जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने दाबली जात नाही आणि आकडा फसवा, १.४ च्याही वर येऊ शकतो. तेव्हा ‘आकडा तर चांगलाय’ म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात.

शेकाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडे प्रेम दाखवायची ती पहिली रीत आहे. पाय गार लागतो, म्हणून कुणी गरम पाण्याची पिशवी देतं, कुणी मिठाची पुरचुंडी, कुणी कोमट म्हणता म्हणता कढत पाण्यात पाय बुडवायला लावतं. उष्णतेने त्या जागेची रक्ताची गरज वाढते, पुरवठा मात्र तेवढाच राहतो. त्यात मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असेल तर भाजल्याचं कळतसुद्धा नाही. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. सुनेने थंडीत रात्री पायाशी तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून ठेवली होती, मायेनेच. सकाळी टाचेवर फोड. ते त्याच जखमेपायी वॉर्डात आले होते. आईंचे पाय गार पडत असतील तर सुती मोजे, वरून सैलसर लोकरीचे मोजे, अंगावर गोधडी, बस. मोज्याचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवत असेल तर ते उसवून टाका. चालत्या गाडीत पायाजवळची जागा तापते, तिथेही लक्ष असू द्या.

मालिशीचंही तेच. पोटरी जोरजोरात चोळून रक्त ‘खाली उतरत’ नाही. कोरड्या कातडीला तेल लावायला मात्र हरकत नाही. खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन, हलक्या हाताने, तळव्यांना आणि टाचांना. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल राहून बुरशी होते.

आता रोजची पायांची तपासणी. सगळ्या उत्तरात करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हेच. सकाळी उजेडात आईंना खुर्चीत बसवा, पाय आपल्या मांडीवर घ्या. त्यांना संकोच वाटेल; आमच्या अण्णांना मुलीने पायाला हात लावणं चालत नव्हतं, ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटल्यावर गप्प बसले. तळवा, टाच, बोटांची टोकं, प्रत्येक बेचकं, नखांच्या कडा पाहायच्या. लाल डाग, निळसर किंवा काळपट टोक, फोड, चीर, ओलसर पांढरी पडलेली कातडी, भेगेतून आलेलं रक्त, यातलं काही दिसतंय का? हाताच्या उलट्या बाजूने दोन्ही पायांना स्पर्श करून गारवा सारखा आहे का तेही बघा. शंका वाटली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच कोनातून पुन्हा काढा. ‘कालपेक्षा वाढलंय का’ या प्रश्नाचं उत्तर आठवणीने देता येत नाही.

दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असं मधुमेहात धरू नका. जखम होऊनही न दुखणं हीच खरी भीती. म्हणून डोळ्यांवर आणि हातावर विश्वास ठेवा, आईंच्या ‘काही नाही गं, बरंय’ वर नको.

जोडव्यांचं काय? हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. वर्षानुवर्षं न काढलेल्या जोडव्यांखाली कातडी दबते, मळ साचतो, बोट थोडं सुजलं तरी धातू रुततो. आई तयार असतील तर उपचार होईपर्यंत काढून देव्हाऱ्यात ठेवू द्या. ऑपरेशनच्या आधी अंगावरचा धातू काढायला लावतातच, हे सांगितलं की बऱ्याच जणी ऐकतात. मन मानत नसेल तर निदान सैल करून घ्या आणि रोज खालची कातडी बघा. घोट्याला घट्ट बसणारे पैंजणही असेच.

वजरी बाथरूममधून उचलून ठेवा. टाचा घासून स्वच्छ करायची सवय असते, पण आत्ता तेवढं खरचटणंही परवडणारं नाही. भेगांना तेल चालेल, घासणं नको. कुरूप असेल तर ब्लेडने कापू नका आणि मेडिकलमधली कॉर्न कॅपही लावू नका, तिच्यातलं ॲसिड चांगली कातडीही जाळतं. नखं सरळ रेषेत कापा, कोपऱ्यात खोल शिरू नका. त्या स्वतः कापत असतील आणि नजर अधू असेल तर तुम्ही कापा. पाय धुवायचं पाणी कोमट, आणि ते तुमच्या कोपराने तपासलेलं. त्यांच्या पायाला तापमान नीट कळेलच असं नाही. धुतल्यावर बोटांच्या मध्ये टिपून कोरडं करा.

अनवाणी अजिबात नाही, घरातसुद्धा नाही. घरात चप्पल घालणं आपल्याला जड जातं, म्हणून घरापुरता वेगळा जोड ठेवा. एमसीआरची चप्पल मिळते, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली. मधुमेहींसाठीच्या पादत्राणांच्या दुकानात मागा. अंगठ्याच्या चपलेने बोटांच्या मध्ये घासतं, ती नको. नवीन जोड संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. घालण्याआधी चप्पल-बूट झटकून आत हात घालून बघा, एखादा खडाही पुरतो. देवळाचा प्रश्न येईलच. भर दुपारच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले मधुमेही दवाखान्यात नेहमी दिसतात. देवाला जायचं तर सकाळी लवकर, जाड मोजे घालून.

एवढं करूनही जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, कोरडं निर्जंतुक गॉज ठेवा, पट्टी सैल बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, तंबाखूची राख, टूथपेस्ट यातलं काहीही नाही. एखादं बोट काळं आणि सुकं पडलेलं असेल तर ते भिजवू नका, सोलू नका. कोरडं ठेवून लगेच दाखवा.

चालण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुतेक घरांत ‘दुखतंय ना, मग बसून राहा’ असंच होतं. जखम नसेल, बसल्याजागी किंवा रात्री पाय दुखत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर चालणं हे या आजारावरचं खरं औषध आहे. पद्धत अशी: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा निघायचं. असं थांबत-चालत अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. याचा गुण यायला साधारण १२ आठवडे लागतात, त्यामुळे पुढच्या महिन्यापर्यंत चमत्काराची अपेक्षा धरू नका, सुरुवात मात्र करा. ते दुखणं नुकसान करणारं नसतं, हे आईंना समजावून सांगावं लागेल. चालताना छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, दम लागला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. पायाच्या धमन्यांत जो थर साचतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो. अण्णांच्या सर्जननी पायाकडे वळण्याआधी ईसीजी आणि टूडी एको मागितला, तेव्हा आम्हाला नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. पायावर जखम असेल तर मात्र हा व्यायाम नको.

किती चालल्यावर दुखतं हे लिहून ठेवा. सर्जन पहिला प्रश्न हाच विचारतात. मीटर कुणी मोजत नाही, अण्णा विजेचे खांब मोजायचे. ‘तिसऱ्या खांबाला थांबावं लागतं, महिन्यापूर्वी सहाव्याला थांबायचो’ हे वाक्य डॉक्टरांना फार काही सांगून गेलं.

तुम्ही लिहिलंय की आईंना तंबाखूचं व्यसन नाही. मिश्री लावतात का? रागावू नका, पण विचारा. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीला व्यसन मानतच नाहीत, दात घासायची गोष्ट मानतात. डॉक्टर विचारतात ‘तंबाखू खाता का’, त्या ‘नाही’ म्हणतात आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तो धूरही त्यांच्यापासून दूर ठेवा. सोडवायला मदत हवी असेल तर सरकारची निःशुल्क तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. या आजारात घरच्या घरी करता येण्यासारख्या गोष्टींत तंबाखू सुटण्याइतकी गुणकारी दुसरी कुठलीच नाही.

औषधांसाठी सर्जनच्या तारखेपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे या आठवड्यातच जा, डॉप्लरचा रिपोर्ट दाखवा आणि विचारा: रक्त पातळ ठेवणारी गोळी आत्ताच सुरू करायची का? स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी? साखर आणि रक्तदाब पुरेसे आटोक्यात आहेत का? बहुतेकांना पहिल्या दोन्ही गोष्टी द्याव्या लागतात, पण कुणाला अल्सर असतो, कुणाला आधीच दुसरं औषध चालू असतं, म्हणून ॲस्पिरिन स्वतःहून आणून देऊ नका. चालण्याचं अंतर वाढवायला सिलोस्टाझोल नावाची गोळी देतात. हार्ट फेल्युअर असलेल्यांना ती चालत नाही, तेव्हा हृदयाचा जुना त्रास असेल तर तो सांगायला विसरू नका. पाय दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणं बंद करा. त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पुढे सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करायची झाली तर तिच्यात सोडायचं रसायनही मूत्रपिंडालाच झेपायला हवं असतं. म्हणूनच मूत्रपिंडाचं काम दाखवणारा अलीकडचा क्रिएटिनिन रिपोर्ट जवळ ठेवा आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तपासणीच्या वेळी तसं सांगा. स्वतःहून ती बंद करू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘ब्लॉकेज उघडणाऱ्या’ काढ्यांबद्दल माझं मत एवढंच की, त्यांच्या नादात तारीख पुढे ढकलणारी माणसं मी वॉर्डात भेटले आहे, आणि भेटायला नको होती अशा अवस्थेत.

रात्र अवघड जाते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू चार-सहा इंच उचलली तर पाय आपोआप थोडे खाली राहतात आणि झोप लागते. खुर्चीत बसूनच रात्र काढणं मात्र टाळा, पाय लोंबकळून सुजतात आणि सुजेने पुन्हा पुरवठा दबतो. रोज रात्री वेदनेने जाग येत असेल, तर ही पुढच्या महिन्यापर्यंत थांबायची अवस्था नाही. सर्जनच्या दवाखान्यात फोन करून नेमक्या शब्दांत सांगा: ‘मधुमेह आहे, बसल्याजागी पाय दुखतो.’ जखम किंवा काळं बोट असेल तर तेही सांगा, फोटो पाठवा. ‘लवकर बघता येईल का’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर येतं. ही लक्षणं सांगितली की तारीख अलीकडे येऊ शकते. तुमच्या फिजिशियननी सर्जनना फोन केला तर आणखी बरं. जखमेतून पू, दुर्गंधी, वर चढत जाणारी लाली किंवा सोबत ताप असेल तर फोनवर वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि एक प्रसंग असा की त्यात कुणालाच विचारत बसायचं नाही. पाय अचानक गार, पांढराफटक किंवा निळा पडला, जोरात दुखू लागला किंवा एकदम बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर गुठळीने धमनी पूर्ण बंद झाली असण्याची शक्यता असते. हाताशी काही तासच असतात. साधारण सहा तासांनंतर स्नायूंचं कायमचं नुकसान होत जातं. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावत वेळ घालवू नका. पायाच्या धमनीवर शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी (फुग्याने अडथळा उघडणं) होते अशाच ठिकाणी जायचं. अशी रुग्णालयं तुमच्या भागात कोणती, रात्री तिथे कोण असतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. शेक, चोळणं, पाय उंच करणं, काहीही नाही. तातडीचं ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत खायलाही देऊ नका. साखर उतरल्यासारखी वाटली तर तो अपवाद.

खर्चाचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि आईंची सत्तरी उलटलेली असल्यामुळे २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही त्यांना काढता येईल. त्याला उत्पन्नाची अट नाही. पण कुठली प्रक्रिया कुठल्या रुग्णालयात योजनेत बसते हे ठिकाणागणिक बदलतं. सर्जन जिथे ऑपरेशन करतात तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या मदतनिसाला, तारखेच्या आधीच भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. आधार, रेशन कार्ड आणि सगळे मूळ रिपोर्ट एका फायलीत. डॉप्लरची सीडी असेल तर तीही. गोळ्यांची नावं लिहून नेण्यापेक्षा पाकिटंच न्या.

तुम्ही आईंसोबत राहता की नोकरीच्या गावी, हे प्रश्नात आलेलं नाही. मी पुण्यात होते, अण्णा गावी. सकाळी वहिनी त्यांचा पाय खुर्चीवर ठेवून व्हिडिओ कॉल लावायची आणि बेचकी एकेक करून दाखवायची. तळव्याखाली प्लास्टिकच्या चौकटीतला हजामतीचा आरसा धरायची. तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर गावातल्या आशाताईंशी किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंशी बोलून ठेवा आणि काय बघायचं ते कागदावर लिहून द्या. काही वेगळं दिसलं तर इथे खाली लिहा, पण आधी डॉक्टरांना दाखवून मग.